दरबारी पावणेनऊला? आणि मुंबईतल्या मैफलींबद्दल वाचकांचे आणखी काही प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेल मिळून बरंच काही आलंय आणि गंमत म्हणजे जवळपास सगळं मुंबईतल्या गाण्याच्या कार्यक्रमांबद्दलच आहे. जागा कमी म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नये.

प्रश्न: नमस्कार मावशी. मी कांदिवलीला राहतो, वय २६, आयटीत आहे. गेलं वर्षभर हेडफोनवर शास्त्रीय ऐकतोय, भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी, सध्या उल्हास कशाळकर. पण प्रत्यक्ष मैफलीला कधीच गेलो नाहीये. घरात कोणी ऐकणारं नाही. आपल्याला काही कळणार नाही आणि लोक बघत बसतील असं वाटतं. सुरुवात नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापासून करू का? आणि मुळात हे कार्यक्रम असतात कुठे, मला तर ॲपवर पाच-सहाच दिसतात.

उत्तर: अरे, लोक तुझ्याकडे बघणार नाहीत, उलट सव्वीस वर्षांचा मुलगा दिसला म्हणून मंडळाचे सेक्रेटरी स्वतः येऊन चहा विचारतील आणि मग तुझा नंबर घेऊन ग्रुपवर टाकतील, त्याची तयारी ठेव. हे मी चेष्टेत म्हणत नाहीये, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच ते आहे. मुंबईतले निम्म्याहून जास्त कार्यक्रम ॲपवर येतच नाहीत. ते व्हॉट्सॲपवर फिरतात, हॉलच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, किंवा पेपरात आतल्या पानावर ‘आजचे कार्यक्रम’मध्ये दोन ओळीत असतात. एका कार्यक्रमाला गेलास की पुढच्या तीन कार्यक्रमांची पत्रकं खुर्चीवर मिळतात. सगळं असंच चालतं, वर्षानुवर्षं.

एनसीपीएला जरूर जा पण पहिल्यांदा नको. म्हणजे जागा अप्रतिम आहे, त्याबद्दल खाली एका प्रश्नात लिहिलंय, पण कांदिवलीहून नरिमन पॉइंटला ऑफिसनंतर पोचायचं म्हणजे तू घामाघूम होऊन मध्यंतराच्या आधी दहा मिनिटं आत शिरणार आणि मागच्या रांगेत बसणार. त्यापेक्षा तुझ्या लाइनवरच बघ. पार्ल्यात उतर, दीनानाथ नाट्यगृह आहे, लोकमान्य सेवा संघ आहे, पार्ल्यात तर गाणं नाही असा महिना जात नाही. दादर-माटुंग्याला आलास तर दादर माटुंगा कल्चरल सेंटर आणि कर्नाटक संघ, दोन्ही पश्चिमेला, स्टेशनापासून चालत. अशा छोट्या हॉलमध्ये तू गवयापासून पंधरा-वीस फुटांवर बसतोस. आणि हेडफोनवर न कळणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात. गवई तबलजीकडे मान वळवून बघतो म्हणजे आता लय वाढणार, मागच्या तंबोऱ्यावर बसलेली शिष्या गुरूंनी हात केला की स्वर उचलते आणि दोन आवर्तनं (तालाचे दोन पूर्ण फेरे) गाऊन गप्प बसते, पेटीवाला कधी पुढे जातो आणि कधी मुद्दाम एक पाऊल मागे राहतो. गाणं चालू असतानाच ते कसं बनतंय ते दिसतं. रेकॉर्डिंगमध्ये फक्त बनून झालेलं ऐकू येतं.

कळण्याचं म्हणशील तर पहिल्या कार्यक्रमाला एकच काम कर, सम शोध. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात आवर्तन इतकं लांब असतं की नवीन माणूस हरवतो, म्हणून ते सोड, बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, कान देऊन लक्षात ठेव. तो मुखडा पुन्हा पुन्हा येतो आणि एका विशिष्ट अक्षरावर तबला आणि गळा एकत्र पडतात, आजूबाजूच्या माना हलतात, ती सम. द्रुत (जलद) तीनताल सुरू झाला की सोळा मात्रा बोटांवर मोजता येतात, नवव्या मात्रेला ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) येते तेव्हा डग्ग्याचा घुमारा जातो, तेवढं ओळखलंस तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं. राग ओळखायच्या भानगडीत पडू नकोस. राग ओळखून शेजाऱ्याच्या कानात सांगणारी जमात वेगळी आहे, तिच्यापासून दोन खुर्च्या लांब बस.

आणि हो, वेळेवर जा. आपल्याकडे आधी एखादा तरुण कलाकार आणि नंतर मोठं नाव अशी पद्धत आहे आणि लोक मोठ्या नावाच्या वेळेला येतात. त्या पहिल्या पाऊण तासात गाणाऱ्या मुलामुलींनी महिना-दोन महिने त्या एका रागावर घासलेलं असतं, हॉल अर्धा रिकामा, साउंड अजून जमलेला नाही, आणि तरी कित्येकदा त्या संध्याकाळचं खरं गाणं तिथेच होऊन जातं. मला तर हल्ली मोठ्या नावांपेक्षा तेच जास्त ऐकावंसं वाटतं.

प्रश्न: मी डोंबिवलीची. माझे वडील गिरगावात वाढले, त्यांच्या तोंडून रात्रभर चाललेल्या बैठकी ऐकून मी मोठी झाले. पहाटे भैरवी आणि मग पहिली गाडी. आता मी जाते त्या प्रत्येक कार्यक्रमात साडेनऊला निवेदिका घड्याळ बघायला लागते. परवा एका बड्या गायकाने पावणेनऊला दरबारी, म्हणजे मध्यरात्रीचा राग, सुरू केला आणि वीस मिनिटांत आटपला. दहाचा नियम आहे हे माहीत आहे पण तो उघड्यावरच्या स्पीकरला ना? बंद हॉलमध्ये का थांबवतात?

उत्तर: ताई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये ते कडक केले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहांना सूट दिलेली आहे, आवाज आतल्या आत राहत असेल तर. उघड्यावर सुद्धा सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. तेव्हा हॉलमध्ये दहाला गाणं थांबतं त्याला कायदा फक्त नावापुरता.

खरी कारणं वेगळीच. पहिलं म्हणजे हॉल सत्रावर मिळतो. सकाळ, दुपार, रात्र, आणि वेळ उलटली की जादा भाडं, वर कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम, वर वॉचमनचं तोंड. पालिकेच्या नाट्यगृहात शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या तारखा बहुतेक नाटकवाल्यांकडे आधीच गेलेल्या असतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, मग गाण्याला उरतो शाळेचा हॉल किंवा मधलाच एखादा वार. मधल्या वारी लोक साडेसातशिवाय येत नाहीत. साडेसातला सुरू, पाहुण्यांचा सत्कार, दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे दोन शब्द (दोन कधीच नसतात), म्हणजे सव्वाआठ झाले. राहिला पावणेदोन तास, त्यात दोन कलाकार. तुमच्या गायकाने दरबारी वीस मिनिटांत आटपला त्यात त्याचा काही दोष नाही हो.

दुसरं कारण तुम्ही-आम्हीच. सव्वानऊ झाले की डोंबिवली, बदलापूर, विरारवाल्यांची चुळबूळ सुरू होते. तुमचे वडील गिरगावात राहत होते आणि बैठक पण गिरगावातच होती, लक्ष्मीबागेत नाहीतर ब्राह्मण सभेत, गणपतीत तर चाळीच्या पटांगणात. चप्पल घालून खाली उतरायचं की गाणं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पश्चात मुंबईला आले ते १९४६ ला वारले तोपर्यंत इथेच होते, देवधर मास्तरांची गाण्याची शाळा ऑपेरा हाउसजवळ, कुमारजी कोवळ्या वयात तिथे शिकायला आले आणि नंतर तिथेच शिकवायलाही लागले. सगळं एका मैलात. तो मध्यमवर्ग तिथून उठून पार्ले, बोरिवली, ठाणे, डोंबिवलीला गेला तेव्हाच रात्रभराची बैठक संपली, २००५ ची वाट बघत बसली नव्हती ती. कोर्टाने फक्त उरलेसुरले मोठे मांडव बंद केले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव सुद्धा पूर्वी तीन रात्री उजाडेपर्यंत चालायचा, आता पाच दिवस दुपारपासून चालतो.

याचा रागांवर काय परिणाम झालाय त्यावर खरं तर वेगळा लेख लिहायला पाहिजे. मालकंस, दरबारी, अडाणा ही मध्यरात्रीची मंडळी, त्यांना आता साडेआठ-नऊलाच उभं करतात. सोहनी, परज रात्रीच्या शेवटच्या भागातले, ते तर मैफलीत ऐकायला मिळणंच कठीण झालंय. आणि त्याच वेळी संध्याकाळचे राग मात्र धो धो. यमन, पुरिया धनाश्री, मारवा. एका हिवाळ्यात किती पुरिया धनाश्री ऐकायचे माणसाने! त्यातही गंमत अशी की मारवा, श्री, पुरिया धनाश्री हे संधिप्रकाशाचे. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि कार्यक्रम सातला, म्हणजे बाहेर काळोख आणि आत मारवा. तोच कार्यक्रम मे-जूनमध्ये साडेसहाला केला तर सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, बरोब्बर वेळेत बसतो. आयोजकांपैकी कोणी एवढा विचार करत असेल तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तोडगा म्हणाल तर सकाळच्या मैफली. रात्र गेली ती गेली, पण सकाळ अजून आपल्या हातात आहे. पंचम निषाद या संस्थेने प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात ‘प्रातःस्वर’ सुरू केलं, सकाळी साडेसहाला, उघड्यावर. तिथे पहिल्यांदा कितीतरी लोकांनी ललत, भटियार योग्य वेळी ऐकला असेल. दुसरं म्हणजे ३ फेब्रुवारीला तबलानवाज उस्ताद अल्लारखाँची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची मैफल, सायनच्या षण्मुखानंदमध्ये, ती पहाटेच सुरू होते आणि सत्रासत्राने दिवसभर चालते. झाकिरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले, पण वडिलांच्या नावाने त्यांनी लावलेली ही सवय मुंबईने ठेवलीच पाहिजे. षण्मुखानंद म्हणजे पावणेतीन हजार खुर्च्या, त्या भरायला लोक पहाटेपासून रांगेत उभे राहतात, आणि आपण म्हणायचं मुंबईला शास्त्रीय ऐकायला वेळ नाही.

दिवाळी पहाटबद्दल पण विचारलं होतंत (तो भाग जागेअभावी कापलाय). माझं मत विचाराल तर त्यातल्या बऱ्याच आता ‘हिंदी-मराठी गाण्यांची सुरेल मैफल’ झाल्यात, शेवटच्या अर्ध्या तासात भावगीतांच्या फर्माइशींच्या चिठ्ठ्या. वाईट काही नाही त्यात, पण नवीन साडी नेसून अहिर भैरवची वाट बघत बसू नका. आणि रविवारच्या सकाळच्या कार्यक्रमाला निघताना आधी मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वेवाल्यांनी तर विशेष करून.

तुम्ही डोंबिवलीच्या आहात तर कल्याण गायन समाज दोन स्टेशनांवर आहे. १९२६ पासून चाललेली संस्था, तिथे घड्याळाकडे बघणारे कमी भेटतील कारण अर्धे श्रोते चालत घरी जाणारे असतात.

प्रश्न: मी निवृत्त, ठाण्यात राहतो, वय ७१. कान अजून शाबूत आहेत आणि ते तसेच राहावेत ही इच्छा. गाण्याच्या कार्यक्रमात हल्ली तबला छातीत वाजतो. गायक दर दोन मिनिटांनी ‘मॉनिटर वाढवा’ म्हणतो. शेवटी कापसाचे बोळे घेऊन जायला लागलो. हे असं का करतात? सांगायचं कोणाला?

उत्तर: काका, बोळे ही कल्पना बरी आहे, माझ्याही पर्समध्ये आता इअरप्लग असतात.

होतं काय, हॉल घेतला की साउंड बाहेरून येतो आणि साउंडवाला बहुतेक वेळा काल रात्री ऑर्केस्ट्रा करून आलेला असतो. त्याच्या हाताला बेस वाढवायची सवय. डग्ग्यात मुळातच खालचा घुमारा भरपूर, त्याच्यासमोर माइक अगदी चिकटवून ठेवला आणि वर बेस वाढवला की तुमच्या छातीत वाजणारच. मग तबला मोठा झाला म्हणून गवयाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो मॉनिटर वाढवायला सांगतो, मॉनिटर वाढला की तंबोऱ्याच्या माइकमधून शिट्टी येते, म्हणून तंबोरा कमी करतात, मग गवई म्हणतो तंबोरा ऐकू येत नाही, पेटी जरा द्या. पेटीवाला म्हणतो मला पण द्या. पंधरा मिनिटांत सगळेच वर गेलेले असतात आणि खाली कोणी येत नाही. साउंड चेक झाला असता तर हे झालं नसतं, पण कलाकार हायवेवर अडकलेला असतो आणि दार उघडायची वेळ झालेली असते.

सांगायचं कोणाला? साउंडवाल्याला सांगू नका, तो तुमचं ऐकणार नाही आणि ऐकलं तर बिघडवेल. मध्यंतरात मंडळाच्या माणसाला गाठा आणि फक्त एक वाक्य बोला, ‘तबला खाली आणा, बाकी काही वाढवू नका.’ चार-पाच जणांनी तेच सांगितलं तर दुसऱ्या भागात फरक पडतो, हे मी स्वतः घडताना बघितलंय. तक्रारीचा सूर नको, हौशी माणसं असतात ती, पदरमोड करून कार्यक्रम करतात. आणि बसताना स्पीकरच्या रेषेत न बसता मध्यावर सातव्या-आठव्या रांगेत बसा.

एकदा एनसीपीएच्या टाटा थिएटरला जाऊन या. १९८० साली उघडलं, हजाराच्या थोड्या वर खुर्च्या, ध्वनिरचना सिरिल हॅरिसची. आपलं संगीत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं अशाच विचाराने बांधलेलं थिएटर आहे ते, प्रेक्षक पंख्यासारखे मंचाभोवती पसरलेले. तिथेही आज माइक लावतात हा भाग वेगळा! पण तिथला माइक कुजबुजतो, ओरडत नाही. त्याहून छोटं हवं असेल तर तिथलंच लिटल थिएटर, शंभराच्या थोड्या वर माणसं. तिथे पेटीच्या भात्याचा आवाज सुद्धा येतो.

ठाण्यातच हवं असेल तर घंटाळीला सहयोग मंदिर, आणि पालिका दरवर्षी पं. राम मराठ्यांच्या स्मरणार्थ जो समारोह करते तो चुकवू नका. रामभाऊ तुमच्याच गावचे.

प्रश्न: दाद नक्की कधी द्यायची? मी एकदा मध्येच टाळ्या वाजवल्या तर पुढच्या आजोबांनी वळून बघितलं.

उत्तर: आजोबांना वळू द्या. तोंडाने दाद कधीही, अगदी आलापातल्या एका स्वराला सुद्धा, पण हळू. टाळ्या मात्र तबल्याचा तुकडा समेवर आला, तान सुटून मुखड्यात पडली किंवा राग संपला तेव्हा. तंबोरे लावणं चालू असताना टाळ्या नकोत आणि गप्पाही नकोत, ती काही मधली सुट्टी नाही. उठून जायचं असेल तर राग संपल्यावर जा, विलंबित चालू असताना मोबाइलचा टॉर्च लावून रांगेतून जाणाऱ्याला आजोबा बघतात ते योग्यच करतात. आणि प्रत्येक समेला ‘क्या बात है’ म्हणणारे जे असतात त्यांच्यामुळे गवई बिघडतात असं माझं प्रामाणिक मत आहे. चमत्कृतीला दाद मिळाली की पुढचा अर्धा तास तेच येत राहतं.

प्रश्न: एवढ्या मोठ्या शहरात शास्त्रीय गाण्याचे इतके कार्यक्रम फुकट कसे काय? आणि फुकट असून हॉल अर्धा रिकामा, पण पुढच्या तीन रांगा मात्र ‘राखीव’, त्या तर पूर्णच रिकाम्या. आम्ही मागे उभे. संताप येतो.

उत्तर: येणारच. त्या राखीव रांगा प्रायोजकांच्या. बँक किंवा बिल्डर पैसे देतो, बदल्यात पन्नास पास घेतो, ते ऑफिसात वाटतो, ऑफिसातला कोणी येत नाही. मी तर म्हणते पहिला राग सुरू झाला की राखीवची चिठ्ठी रद्द, मागच्यांनी पुढे यावं. काही मंडळी असं करायला लागलीत. तुमच्या मंडळात नसेल तर सुचवा, मान्य होईपर्यंत दर महिन्याला सुचवा.

फुकटचं गणित असं आहे. छोट्या सर्कलचा (गाणं ऐकवणाऱ्या हौशी मंडळाचा) खर्च म्हणजे मुख्य कलाकाराची बिदागी, साथीदारांचं मानधन (हे वेळेवर द्यावं अशी माझी जाहीर विनंती, तबलजी आणि पेटीवाले दुसऱ्या दिवशी फोन करून मागायला संकोचतात), हॉल, साउंड, गाडीभाडं, चहा-वडे. तिकीट लावून हे निघत नाही. शंभर-दीडशे लोक येणार, दोनशे रुपयांनी किती होणार? आणि तिकीट लावलं की परवाने वाढतात, हिशेब वाढतो. करांच्या बाबतीत मात्र सरकार तसं उदार आहे, ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि शास्त्रीय कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. पण कर वाचला म्हणून खुर्च्या भरत नाहीत.

म्हणून जुन्या सर्कल्सनी वार्षिक वर्गणीचा मार्ग काढला. वर्षाचे पैसे एकदम, महिन्याला एक कार्यक्रम, कोण गाणार ते मंडळ ठरवणार. हा जो शेवटचा भाग आहे ना, मंडळ ठरवणार, तोच सगळ्यात मोलाचा. तिकीट विकायचं झालं की ओळखीचा चेहराच लागतो. वर्गणी हातात असली की सेक्रेटरी धारवाडचा एखादा अनोळखी मुलगा बोलावू शकतो, रुद्रवीणा ठेवू शकतो, नुसतं पेटीचं एकलवादन करू शकतो. मुंबईत आजची कितीतरी मोठी नावं पहिल्यांदा अशाच चाळीस-पन्नास माणसांसमोर गायली आहेत. सी. आर. व्यासांनी १९७७ मध्ये आपल्या गुरूंच्या, जगन्नाथबुवा पुरोहितांच्या नावाने गुणिदास संमेलन सुरू केलं तेही गुरूवरच्या निष्ठेपोटी, तिकीटबारीच्या हिशेबाने नाही. तेव्हा संताप आला की पावतीपुस्तक मागा. वर्षाची वर्गणी एका मल्टिप्लेक्सच्या सिनेमाला चौघांना पॉपकॉर्नसकट लागते त्यापेक्षा कमी असते बहुतेक ठिकाणी, आणि वर्गणीदाराने राखीव रांगेवरून आवाज चढवला तर मंडळाला ऐकावं लागतं.

प्रश्न: फोनवर थोडं रेकॉर्ड केलं तर काय बिघडतं? जुने खाजगी रेकॉर्डिंग लोकांनी केले म्हणूनच आज आपल्याला जुन्या मैफली ऐकायला मिळतात ना?

उत्तर: मिळतात, आणि त्या स्पूल टेपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण तो माणूस आधी गवयाला विचारायचा, टेप कपाटात ठेवायचा आणि चार दर्दी लोकांना घरी बोलावून ऐकवायचा. तुम्ही केलेलं मध्यंतराच्या आत फेसबुकवर असतं, त्यात घसा बसलेल्या दिवसाचा एक घसरलेला स्वर असतो आणि खाली कोणीतरी लिहितं ‘आता वय झालं’. कायद्याने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे. विचारून करा. नाही म्हणाले तर फोन खिशात. आणि तो स्क्रीन मागच्या सगळ्यांच्या डोळ्यात जातो हो, त्याचं काय?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो. डिसेंबरमध्ये तीन आठवडे मुलुंडला आई-बाबांकडे येतोय. मुलगी नऊ वर्षांची, इथे ऑनलाइन गाणं शिकते, तिने खरी मैफल कधी बघितलेली नाही. काय काय ऐकवू? पुण्याला सवाईला नेऊ का?

उत्तर: न्या, पण पाचही दिवस नको. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला, २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. हल्ली मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या कटके क्रीडा संकुलात असतो. एवढा मोठा मांडव, हजारो माणसं एका गवयासाठी चिडीचूप बसलेली, हे दृश्य मुलीने बघायलाच हवं. पण गाणं शिकणाऱ्या मुलीला तिथे कलाकार दिसतो तो स्क्रीनवर, आणि स्क्रीनवर तर ती न्यू जर्सीतही बघतेच. एक दिवस निवडा, शक्यतो शेवटचा, कारण समारोपाला खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावतात. भारतीय बैठकीचं तिकीट घ्या, मुलीला मांडीवर झोपता येतं. शाल विसरू नका, डिसेंबरात पुण्याची संध्याकाळ मुलुंडसारखी नसते.

बाकीचे दिवस मुंबईतच काढा. मुलुंडला कालिदास नाट्यगृह आहे, महाराष्ट्र सेवा संघ आहे, ठाणे एका स्टेशनावर. या सीझनला शनिवार-रविवारी एकाच वेळी तीन-तीन कार्यक्रम असतात, इतके की आपसात ठरवून तारखा का लावत नाहीत असं वाटतं. आल्या आल्या बाबांना सांगून पेपरातली ‘आजचे कार्यक्रम’ची चौकट बघायला लावा आणि निवड मोठ्या नावावर न करता हॉलवर करा, जितका छोटा तितका बरा. जमलं तर गाणं आणि तबला सोलो असे दोन वेगवेगळे कार्यक्रम दाखवा, नऊ वर्षांच्या मुलांना तबला आधी भिडतो. तिला तबलजीच्या बाजूला पुढे बसवा. मध्यंतरात ग्रीनरूममध्ये घेऊन जा, बहुतेक कलाकार लहान मुलांशी छान बोलतात, तिने काय शिकलंय ते विचारतील, एखादा म्हणेल गाऊन दाखव. तिने नाही म्हटलं तर आग्रह करू नका. ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांनी खरा तंबोरा हातात घेतलेला नसतो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर तंबोरे गवसणीत जायच्या आत विचारा, एक मिनिट छेडू देतात.

आणि अजून लवकर, नोव्हेंबरात येणं जमत असेल तर पणजीला कला अकादमीचा सूरश्री केसरबाई केरकर समारोह बघा. गोव्याचं तिकीट आजी-आजोबांचंही काढा.